खेळाचा संगणक : हौस आणि हिशेब

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे किंवा दिवाळी जवळ आली म्हणजे पूर्वी घराघरांतून सायकलीचा हट्ट ऐकू येत असे. आजकाल त्याच्या जोडीला एक नवा हट्ट येऊन बसला आहे. तो म्हणजे खेळाच्या संगणकाचा. हा संगणक तयार खोक्यातून काढून मांडावयाचा नसतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड असे सुटे भाग पसंत करून व ते एकमेकांस जुळवून तो उभा करावयाचा असतो. हट्ट धरणाऱ्यास ह्या भागांची नावे तोंडपाठ असतात. ज्यांनी पैसे द्यावयाचे त्या आईवडिलांस मात्र ती परकी वाटतात. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "सर्वांकडे आहे, मलाही हवा." दुसरा म्हणतो, "खेळण्यापायी एवढे पैसे? त्यापेक्षा अभ्यास कर." आणि पुष्कळदा ह्या वादाचा निकाल विचाराने न लागता, ज्याचा आवाज चढेल त्याच्या बाजूने लागतो.

ह्या वादात दोन्ही पक्षांस काही सांगावे, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. घरची ऐपत असेल तर पालकांनी वस्तू देऊ नये, रक्कम ठरवून द्यावी. आणि त्या रकमेत कोणता भाग घ्यावयाचा व का घ्यावयाचा, हे मुलाने किंवा मुलीने स्वतः कागदावर मांडून दाखवावे. रक्कम मोजकी असणे हे ह्या कामातील विघ्न नव्हे. ह्या कामातील खरे शिक्षण तेच होय. ज्याच्यापाशी अमर्याद पैसा आहे, त्याला निवड करावीच लागत नाही. तो केवळ खरेदी करतो. निवड करण्याची पाळी येते ती ज्याला एक घेण्यासाठी दुसरे सोडावे लागते त्याच्यावर. आणि पुढे संसारात, धंद्यात किंवा नोकरीत आपणांपैकी बहुतेकांवर हीच पाळी रोज यावयाची आहे.

आता निवड म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी आपल्याला फार दूर जावयास नको. आपल्या बऱ्हाणपुरात लालबागेजवळ कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकीर्दीत तो बांधला गेला. सातपुड्याच्या डोंगरांतून झिरपून तापीच्या दिशेने वाहणारे पाणी जमिनीखालच्या भुयारात अडवावयाचे आणि एकामागून एक खणलेल्या कुंड्यांच्या रांगेतून, केवळ उताराच्या बळावर, शहराकडे आणावयाचे, अशी ती योजना. तेथे ना पंप होता ना इंजिन. आता कल्पना करा, की त्यांतील एका कुंडीचे तोंड कोणी संगमरवराने बांधले आणि चौपट रुंद केले. शहराला पाणी अधिक मिळेल काय? भुयार जेथे सर्वांत अरुंद असेल, तेवढेच पाणी पुढे जाईल. त्या रुंद कुंडीवर ओतलेला पैसा शोभेला लागला, पाण्याला लागला नाही.

खेळाच्या संगणकाचेही असेच आहे. त्यात प्रोसेसर हा हिशेबनीस असतो. खेळातील पात्रे कोठे आहेत, चेंडू कोठे उडाला, शत्रू कोणत्या वाटेने येईल, हे तो ठरवितो. रॅम म्हणजे त्याच्यापुढचे मेज. चालू कामाचे कागद त्यावर पसरलेले असतात. एसएसडी म्हणजे कपाट; तेथे सर्व खेळ व वह्या कायमच्या ठेवलेल्या असतात. ग्राफिक्स कार्ड हा चितारी. हिशेबनिसाने सांगितलेले दृश्य तो क्षणोक्षणी रंगवितो. पॉवर सप्लाय भिंतीतील वीज घेऊन प्रत्येकास त्याच्या मापाने वाटतो. आणि मदरबोर्ड म्हणजे ज्यावर हे सर्व बसतात ती बैठक. चितारी महागडा आणि हिशेबनीस मंद असेल, तर चितारी हातात कुंचला घेऊन स्वस्थ बसून राहतो. हिशेबनीस चलाख आणि चितारी दुबळा असेल, तर दृश्ये साचतात व पडदा अडखळतो. आपल्या म्हणीतील "नाकापेक्षा मोती जड" ही अवस्था ती हीच. म्हणून भागांची निवड करताना "सर्वांत चांगला कोणता?" हा प्रश्न चुकीचा आहे. "ह्याच्या जोडीला शोभेल असा कोणता?" हा प्रश्न बरोबर आहे.

परंतु जोडी तरी कशाशी जमवावयाची? ह्याचे उत्तर दुकानात नाही, पडद्यावर आहे. आरंभ पडद्यापासून व आपण खेळणार त्या खेळांपासून करावा. साधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. ज्यास फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. हा आकडा पहिल्याच्या बरोबर चौपट आहे. खेळ सुरळीत दिसावा म्हणून सेकंदास ६० चित्रे हवी असतील, तर हे सारे ठिपके सेकंदाच्या साठाव्या भागात रंगवून व्हावयास हवेत. आता ध्यानात येईल, की मोठा पडदा घेण्याचा हट्ट हा वस्तुतः चौपट श्रम करणारा चितारी ठेवण्याचा हट्ट आहे. बुद्धिबळ, क्रिकेट किंवा साधे शर्यतीचे खेळ खेळणाऱ्यास त्याची काहीच गरज नसते. साधा १९२० गुणिले १०८० चा पडदा हा मोजक्या पैशांच्या संगणकाचा खरा मित्र होय. त्याच्यामुळे इतर सर्व भागांवरचा भार हलका होतो.

एवढे ठरल्यावर हिशेब मांडता येतो. समजा, घरातून ६०,००० रुपये मंजूर झाले. माझ्या मते ह्यांतील तिसरा हिस्सा, म्हणजे २०,००० रुपये, ग्राफिक्स कार्डासाठी राखावा. चौथा हिस्सा, म्हणजे १५,००० रुपये, प्रोसेसर व मदरबोर्ड ह्या दोघांस मिळून द्यावा. पडद्यास १०,००० रुपये धरावेत. उरलेल्या १५,००० रुपयांत रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, कीबोर्ड व माऊस बसवावेत. हे आकडे भावांचे नव्हेत, विभागणीचे आहेत. भाव आज एक तर महिन्याने दुसरा असतो. मात्र एक खर्च विसरू नये. संगणकाच्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. ६०,००० रुपयांच्या बिलात नऊ हजारांहून अधिक रुपये कराचे असतात. कोणी "बिल नको असेल तर स्वस्तात देतो" असे सुचविले, तर तो मोह टाळावा. करचुकवेगिरीत भागीदार होणे हे नागरिकास शोभत नाही, हे तर आहेच. शिवाय बिलाशिवाय हमीची, म्हणजे वॉरंटीची, मुदत सिद्ध करणे कठीण जाते. त्याचप्रमाणे विंडोज विकत घ्यावयाचे असेल, तर त्याचीही किंमत ह्याच हिशेबात धरावी. चोरीचे विंडोज घालून वाचविलेला पैसा हा वाचविलेला नसतो. ज्यास तो खर्च झेपत नाही, त्याने विनामूल्य मिळणारे लिनक्स वापरून पाहावे. विंडोजसाठी लिहिलेले कितीतरी खेळ आता त्यावरही चालतात.

काटकसर कोठे करावी व कोठे करू नये, ह्यातच खरा विवेक आहे. कॅबिनेटातील रंगीबेरंगी दिव्यांवर अवश्य काटकसर करावी. त्या दिव्यांनी खेळाचे एकही चित्र वाढत नाही. १६ जीबी रॅम घेताना एकच पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन जुळ्या पट्ट्या घ्याव्यात. मापे तेवढेच, पण प्रोसेसरला ये-जा करण्यास दोन वाटा मिळतात. परंतु पॉवर सप्लायवर मात्र काटकसर करू नये. त्याच्यामुळे खेळ सुंदर दिसत नाही, म्हणून हौशी मुलांच्या यादीत तो बहुधा शेवटी असतो आणि उरल्यासुरल्या पैशांत उरकला जातो. हा भाग निकृष्ट असेल आणि बिघडला, तर तो एकटा जात नाही. शेजारच्या महागड्या भागांस बरोबर घेऊन जाण्याचा धोका असतो. ह्या भागावर '८० प्लस' असे चिन्ह असते. ही पद्धत २००४ साली सुरू झाली. भिंतीतून घेतलेल्या १०० भाग विजेपैकी किमान ८० भाग कामास लागतात व उरलेल्याची उष्णता होते, असा त्याचा अर्थ आहे. ते चिन्ह विजेची बचत सांगते, मजबुतीची साक्ष देत नाही. म्हणून चिन्हाबरोबरच कंपनीचा लौकिक व हमीची वर्षेही पाहावीत.

आपल्या गावास दोन गोष्टी आणखी ध्यानात घ्यावयास हव्यात. येथील उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर चढतो. ज्या खोलीत माणसाचा जीव कासावीस होतो, तेथे यंत्रास वारा मिळावयास नको काय? म्हणून काचेने चहूबाजूंनी बंद केलेल्या देखण्या पेटीपेक्षा, समोर जाळी असलेली साधी पेटी आपल्याला अधिक हितकर. दुसरी गोष्ट पॉवरलूमची. ज्या वस्त्यांतून दिवसभर माग चालतात, तेथे कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. ते पंख्याच्या पात्यांवर व जाळीवर थर धरून बसतात आणि वाऱ्याची वाट बंद करतात. काढून झाडता येईल अशी जाळी असलेली पेटी घ्यावी व महिन्यातून एकदा ती स्वच्छ करावी. हा सल्ला मोठ्या शहरांतील जाहिरातींत छापलेला नसतो. कारण जाहिरात लिहिणाऱ्याच्या खोलीत माग नसतो.

भाव कसे ठरतात, हेही ह्या निमित्ताने शिकावयास मिळते. २०२० ते २०२२ ह्या काळात ग्राफिक्स कार्डे दुर्मिळ व अतिशय महाग झाली होती. महामारीने पुरवठा विस्कळीत झाला होता आणि इथेरियमसारखी आभासी नाणी मिळविण्यासाठी लोक ती कार्डे ढिगाने विकत घेत होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, त्या कामासाठी कार्डांची गरज संपली आणि वापरलेली कार्डे बाजारात आली. पुढे २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भराभर चढले. आपल्या घरातील खरेदी जगाच्या दुसऱ्या टोकावरील घडामोडींशी कशी बांधलेली आहे, हे भूगोलाच्या व अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा ह्या एका यादीतून अधिक स्पष्ट कळते. ज्याच्यापाशी धीर आहे, त्याला अशा वेळी थांबता येते. अगर रॅमचा वाढलेला खर्च पडद्यातून वा पेटीतून कमी करून तोल सांभाळता येतो.

धीर हा गरिबाचा मोठा मित्र आहे, हे आणखी एका रीतीने खरे आहे. सर्व भाग एकाच दिवशी घ्यावे लागत नाहीत. काही प्रोसेसरांत चित्र उमटविण्याची सोय अंगभूत असते. असा प्रोसेसर घेऊन अभ्यासाचा व हलक्या खेळांचा संगणक आधी उभा करावा आणि ग्राफिक्स कार्ड वर्षाने घ्यावे. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असते, त्यांत ही सोय नसते. वेगळे कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो. त्याचप्रमाणे मदरबोर्ड पुढे किती वर्षे नवे प्रोसेसर स्वीकारील, हेही पाहावे. एएमडी कंपनीच्या एएम-४ बैठकीवर २०१७ साली पहिले रायझन प्रोसेसर बसले आणि २०२२ साली निघालेले प्रोसेसरही, आतली बायोस प्रणाली अद्ययावत केल्यावर, त्यांतल्या अनेक जुन्या मदरबोर्डांवर चालले. वापरलेले ग्राफिक्स कार्डही घेण्यास हरकत नाही. परंतु ते अर्धा तास जड खेळावर चालवून पाहावे, मूळ बिल मागावे व हमी किती उरली आहे हे तपासावे. पॉवर सप्लाय मात्र वापरलेला घेऊ नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखादा भाग काही रुपयांनी स्वस्त मिळेलही; पण तो बिघडल्यास सुमारे पाचशे किलोमीटर कोण नेणार, हा प्रश्नही किमतीचाच भाग समजावा.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, की सुटे भाग जुळवून स्वस्तात यंत्र करणे ही हौशी पोरांची करामत. त्यात विद्या ती कसली? त्यास मी पुण्याचे उदाहरण देईन. १९८० नंतरच्या दशकात भारताला हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व विजय भटकर ह्यांच्याकडे तिची धुरा आली. मुदत तीन वर्षांची होती आणि रक्कमही ठरलेली होती. एकच अतिबलाढ्य प्रोसेसर घडविणे ह्या मर्यादेत शक्य नव्हते. म्हणून त्यांनी इन्मॉस ह्या ब्रिटिश कंपनीचे, बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर घेतले, ते मोठ्या संख्येने एकमेकांस जोडले आणि सर्वांनी एकाच कामाचे तुकडे वाटून घ्यावे अशी रचना केली. १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. त्यात मोठेपणा सुट्या भागांचा नव्हता, जुळणीच्या बुद्धीचा होता. आणि गंमत अशी, की आजचे ग्राफिक्स कार्डही ह्याच तत्त्वावर चालते. हजारो लहान गणिती एकाच वेळी कामाला लागतात, म्हणूनच ती वीस लाख टिंबे क्षणात रंगतात. पैशांची व साधनांची मर्यादा बुद्धीला कुंठित करतेच असे नाही. पुष्कळदा ती तिला वाट दाखविते.

आता पालकांच्या आक्षेपांकडे वळू, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप वेळेचा. खेळाचे वेड अभ्यास गिळून टाकील, ही भीती रास्त आहे. पण ती यंत्र न घेतल्याने जात नाही. तोच खेळ खिशातील मोबाइलवर चोरून चालू राहतो. संगणक बैठकीच्या खोलीत मांडावा, वेळ ठरवून द्यावा व तो पाळला जातो की नाही हे पाहावे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. अशा खेळांस घरातही थारा देऊ नये. दुसरा आक्षेप उपयुक्ततेचा. ज्या यंत्रावर खेळ चालतो, त्यावर प्रोग्रॅमिंग शिकता येते, ब्लेंडरसारख्या विनामूल्य साधनाने चित्रे व आकृती घडविता येतात आणि गोडो नावाच्या विनामूल्य साधनाने स्वतःचा खेळही रचता येतो. २०२० साली प्रसिद्ध झालेला 'राजी' हा प्राचीन भारतीय वातावरणातील खेळ पुण्यातच घडला. तिसरा आक्षेप लॅपटॉपचा. जो विद्यार्थी वर्षभरात शिक्षणासाठी वसतिगृहात जाणार आहे, त्याने लॅपटॉपच घ्यावा, हे मला मान्य आहे. ज्याला घरीच राहावयाचे आहे, त्याला त्याच पैशांत सुट्या भागांचा संगणक अधिक बळ देतो व एक भाग बिघडल्यास तेवढाच बदलता येतो.

चौथा आक्षेप ऐपतीचा, आणि येथे मी पूर्णपणे पालकांच्या बाजूचा आहे. ज्या घरात धाकट्या भावंडांची फी थकलेली आहे किंवा औषधपाण्याचा खर्च आहे, तेथे हा विषय काढणेही विद्यार्थ्यास शोभणारे नाही. दुकानदार हप्त्यांची सोय सुलभ करून दाखवितो, म्हणून हप्ता हलका होत नाही. ऋण काढून सण करू नये, ही शिकवण संगणकासही लागू आहे. त्याचबरोबर पालकांसही एक विनंती करावीशी वाटते. हा हिशेब मांडण्याची संधी मुलांप्रमाणेच मुलींनाही द्या. स्क्रूड्रायव्हर हाती धरून मदरबोर्ड बसविण्यास लागते ते लक्ष आणि हलका हात. ते मुलींपाशी मुळीच कमी नसते.

तेव्हा मित्रांनो, हट्ट धरण्याआधी एक वही घ्या. पहिल्या पानावर आपण कोणते खेळ खेळणार व कोणता अभ्यास करणार ते लिहा. दुसऱ्या पानावर प्रत्येक भागाचे नाव, त्याची दोन दुकानांतील किंमत, हमीची वर्षे आणि तोच का निवडला ह्याचे एका वाक्यात कारण लिहा. तिसऱ्या पानावर, ठरलेल्या रकमेत बसण्यासाठी आपण काय सोडले ते लिहा. हे तिसरे पान सर्वांत महत्त्वाचे आहे. ती वही आईवडिलांपुढे ठेवा आणि त्यांचे प्रश्न शांतपणे ऐका. कदाचित ते ह्या वर्षी नाही म्हणतील. तरीही आपल्या मुलाला पैशाची किंमत कळते, हे त्यांना कळलेले असेल. आणि जे घर असा हिशेब एकत्र बसून करते, त्या घरात पुढच्या वर्षी त्याच वहीचे पान पुन्हा उघडले जाते.